कागदावरचं पिवळं

कागदावर तपकिरी यायला हवं होतं. आलं पिवळं.

कमलेशने ती पट्टी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. झेरॉक्सच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी, स्पिरिटमध्ये भिजवलेली, आणि तिच्या मधोमध एक पिवळा ओरखडा, कडेने पसरत चाललेला. जुन्या टेपवरची पूड कॅमेऱ्याच्या हेडला चिकटते आणि ती गंजासारखी तपकिरी असते, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पिवळ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. कमलेशने दुसरी पट्टी कापली, भिजवली, कॅमेऱ्याच्या उघड्या कप्प्यात आतल्या चकचकीत ड्रमला टेकवून धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रम हळूहळू फिरवला. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली घासायचं तर मुळीच नाही, कारण ड्रमच्या कडेला बसवलेली हेडं डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक, आणि उभं घासलं की ती मोडतात. दुसऱ्या पट्टीवरही पिवळंच आलं, पहिलीपेक्षा गडद. स्पिरिट उडून गेल्यावर त्याने पट्टी नाकाला लावली. तो वास ओळखायला डोकं लागत नव्हतं, सकाळपासून सगळं घर त्याच वासाने भरलं होतं. पण घरातला वास कागदाला लागलाय की कागदातलाच घरात पसरलाय, हे काही त्याला ठरवता येईना. त्याने उठून साबणाने हात धुतले आणि तिसरी पट्टी घेतली.

खाली मांडवात डीजेवाला ‘हॅलो, चेक’ करत होता. कात्रपमधल्या या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं घर होतं आणि पुढे भाताचं खाचर. आता घराच्या जागी पार्किंग आणि खाचरात समोरची इमारत. तरी घरातली माणसं अजून ‘अंगणात मांडव’ असंच म्हणत, आणि कार्य असलं की अंगणातल्या गाड्या आदल्या दिवशी रस्त्यावर काढून ठेवत. आज त्याच्या भाचीची, भाविकाची हळद. त्याची बहीण नूतन शिरगावला राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे मांडव घालायचा कुठे, आणि नूतनचा नवरा जयदेव जाऊन चार वर्षं झालेली, तेव्हा पुढे होऊन करणार कोण, म्हणून लग्न मामाच्या दारातून. संध्याकाळी हळद, त्याआधी बायकांची मुसळाला सुपारी बांधून हळकुंडं कुटून झाली होती, मटणाची पातेली चुलाणावर चढली होती, आणि ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, ती आतल्या खोलीची कडी लावून बसली होती.

झालं होतं एवढंच. सकाळी बायका हळद कालवत असताना भाविकाने सहज जाहीर केलं होतं, "पहिली हळद मम्मी लावणार. बाकी सगळ्या नंतर." बायकांचे हात थांबले. बोलली ती कमलेशची आई, विठा, आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून, आवाज न चढवता. "नूतन नाय लावाची."

"का पण, आजी?"

"का म्हंजे? नवरा गेलेल्या बाईनी हलदीला हात नाय लावाचा. पाच सवाशिनी हायत, त्या लावतील."

भाविकाने आईकडे पाहिलं. नूतन खाली बघत होती, ताटातलं एक हळकुंड पदराआडून बाजूला सारत. "आये बोलते ता बराबर हाय," ती म्हणाली. "माज्या हलदीला बाबा नव्हते, तवा आये पन लांबच उभी व्हती. तिनी पालला, मी पन पालीन."

"मग मला हळदच नको," भाविका म्हणाली. "सब कॅन्सल करो. डीजेला सांगा घरी जा." आणि धाडकन दार लावून घेतलं. त्या दारावर मग एकेकीने डोकं आपटून पाहिलं. मावश्या झाल्या, मामी झाली, नवरीने असं करू नये म्हणून सगळं सांगून झालं. आतून एकच उत्तर येत होतं: मम्मीला पाठवा, हातात हळद घेऊन. कमलेशची बायको सुषमा शेवटी घाम पुसत मागच्या खोलीत डोकावली, तर हा आपला कॅमेरा उघडून बसलेला. "घरात एवढा तमाशा चाललाय आणि तुम्ही खेळणी घेऊन बसा," ती म्हणाली. त्यावर त्याच्यापाशी उत्तर होतं. भाविकानेच आठ दिवसांपूर्वी गळ्यात पडून सांगितलं होतं की मामा, मम्मीच्या हळदीची कॅसेट आहे ना, ती काढ ना यार, मोठ्या स्क्रीनवर लावू. पण आता स्क्रीनच लागणार नसेल तर ते उत्तर कुणाला द्यायचं.

तिसऱ्या पट्टीवर पिवळं थोडं फिकट आलं. त्याला बरं वाटण्याऐवजी कसंसंच झालं. हे पिवळं आहे तरी कुणाचं, हा प्रश्न कागदात स्पिरिट चढतं तसा त्याच्यात वर वर चढत होता. हा कॅमेरा त्याने कॉलेज संपता संपता उल्हासनगरहून आणला होता, बाबा गेल्यानंतरच्या वर्षात, नूतनच्या लग्नासाठी म्हणून. घरात कर्ता पुरुष आता हाच, असं जो तो सांगत होता, आणि त्याला स्वतःला मात्र कर्तेपण कुठून सुरू करतात हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. तळहाताएवढा, बाजूला उघडणारा पडदा, छोटी कॅसेट. अख्ख्या भावकीत असा कॅमेरा नव्हता. त्याने तो कापडात गुंडाळून ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही, हळदीच्या दिवशी तर हळद खेळायलाही गेला नाही, हात पिवळे झाले तर कॅमेऱ्याला लागतील म्हणून. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळी भावकी दाटीवाटीने टीव्हीसमोर बसली, त्याने कॅमेरा वायरने जोडला, आणि पडद्यावर दिसल्या त्या नुसत्या पांढऱ्या रेघा. रेघांच्या मागे कुठेतरी बेंजो वाजत होता, तोही पाण्यात बुडाल्यासारखा. सगळे हसले. काकांनी मांडीवर हात मारून म्हटलं, कमल्याला कॅमेरा दिला आणि बोकडाला दिला, सारखंच. हसली नाही ती एक आई. ती उठून आत गेली होती. त्या वेळी त्याला वाटलं, तिला वाईट वाटलं.

ते हसणं पुढे संपलंच नाही. गणपतीत, बारशाला, कुणाच्याही कार्यात फोटो काढायला त्याने मोबाइल उचलला की कुणीतरी म्हणायचंच, रेघा नको हां कमलेश. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो आता स्टोअरचा मुख्य आहे, त्याच्या सहीशिवाय पिंपातलं थेंबभर रसायन हलत नाही, पण भावकीत तो रेघावाला. माणूस असल्या गोष्टींनी मरत नाही. पण रोज दाढी करताना एकाच जागी कापावं तसं होतं ते. जयदेवही हसायचा. पण जयदेवचं हसणं चालायचं, कारण तो हसून झाल्यावर खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "साले, बरं झालं नाही आलं. माझी बायको नाचली कशी ते तुम्ही बघत बसला असता." जयदेव गेला तेव्हा नूतन कपाटं धुंडाळत आली होती. "कमल, ती कॅसेट दे ना. कायतरी दिसंल." त्याने लावून पाहिली. रेघाच. नूतन त्या रेघांसमोर बराच वेळ बसून राहिली होती, आणि त्याला तेव्हा पहिल्यांदा खरी लाज वाटली, काकांच्या हसण्याने कधी वाटली नव्हती तशी.

उल्हासनगरच्या ज्या दुकानातून कॅमेरा घेतला, तिथे तो मागच्या आठवड्यात गेला, तर तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. गल्ल्यावर सनी, जुन्या मालकाचा मुलगा. त्याने कॅमेरा हातात घेतला आणि जुना मित्र भेटल्यासारखा हसला. "अरे साईं, ये तो डॅडी के टाइम का पीस है!" कमलेशने विचारलं, दुरुस्त होईल का. सनीने मान हलवली. "डॅडी करते थे. अपने को नहीं आता. मोबाइल का बोलो, अभी कर देता हूँ." मग काउंटरखालून एक बाटली काढून दिली. "ये लेके जाओ. हेड गंदा होगा, और क्या. यूट्यूब पे सब है." एवढ्यावर ते प्रकरण आटोपलं. हेड घाण असेल. इतक्या वर्षांची बदनामी, आणि कारण एवढंसंच असू शकतं, हे ऐकून कमलेशला हलकं वाटायला हवं होतं. पण परतीच्या रिक्षात तो बाटली दोन्ही हातांत धरून बसला. घाण आपोआप होते का? नव्या कोऱ्या कॅमेऱ्यात, पहिल्याच कॅसेटला?

आणि आता हे पिवळं. त्याने कॅमेऱ्याचा बाजूचा छोटा पडदा उघडला. पडद्याच्या चौकटीच्या फटीत एक पिवळट रेघ होती. ती त्याने आजवर शंभरदा पाहिली असेल. जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं, असं धरून चालला होता. त्याने पट्टीचं टोक भिजवून फटीतून ओढलं. टोक पिवळं झालं. प्लॅस्टिकचं पिवळं कागदावर उतरत नाही, एवढं स्टोअरच्या माणसाला कळतं. मग तो पलंगावर बसला आणि ती संध्याकाळ आठवू लागला. हळदीत पिवळे नसलेले हात शोधायचे म्हणजे पावसात कोरडा माणूस शोधायचा. मावश्या पिवळ्या, काका पिवळे, शेजारची पोरं पायाच्या नखापर्यंत पिवळी. पण त्यांतलं कुणीही कॅमेऱ्यापाशी फिरकलं नव्हतं, कारण कॅमेरा अंगणात नव्हताच. नूतनचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्याने तो ओसरीवर, भाताच्या कणगीशेजारी, तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला होता. नूतन पाटावर, समोर पाच सवाशिणी. मग काकांनी हाक मारली, जेवायला पंगत बसतेय, ये. त्याने कॅमेरा चालूच ठेवला, पडदा उघडा ठेवला आणि गेला. परत आला तेव्हा कॅमेरा बंद होता. त्याला वाटलं, आपलाच काहीतरी घोटाळा झाला असेल. त्याने पुन्हा बटण दाबलं. ओसरीवर तेव्हा कोण होतं? कणगीपाशी, अंधारात, लांब?

विचार तिथवर आला आणि त्याने तो तिथेच सोडला. उठला. खिडकीतून खाली बघितलं. आचारी मोठ्या डावाने पातेलं ढवळत होता. पुन्हा बसला. पट्ट्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने वाळत घातल्या होत्या, त्यांची टोकं वाऱ्याने उचलत होती, त्याने त्यांच्यावर बाटलीचं झाकण ठेवलं. अजून थोडा वेळ थांबायला हवं होतं. आतलं स्पिरिट पूर्ण उडाल्याशिवाय टेप घातली तर टेप ड्रमला चिकटून बसते. हे थांबणं त्याला सोसेना. नखं खाण्याची सवय त्याने लग्नानंतर सोडली होती, आज त्याने अंगठ्याचं नख दाताखाली धरलं. ते कडू लागलं.

काठीचा आवाज आला. आई दारात उभी होती. भाविकाच्या दारासमोरचा गोंधळ सोडून ती इथवर आली होती, भिंतीला हात लावत. ती आत आली, पलंगाच्या कडेला टेकली, काठी गुडघ्यांत धरली. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"निंगाला?" तिने विचारलं.

"काय?"

"पिवला."

तिने विचारलं ते असं, की भांडं घासायला टाकलंय, त्याचा डाग गेला का. त्याने होय म्हणून मान डोलावली. तीही मान डोलावत राहिली, कुणाशी बोलल्यासारखी.

"ती कॅसेट लावू नको," आई म्हणाली.

"का?"

"नको म्हनते ना."

त्याला राग आला. इतका अचानक आणि इतका जुना राग, की तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. हिला माहीत होतं. भावकी हसत होती तेव्हा हिला माहीत होतं, नूतन रेघांसमोर बसून होती तेव्हाही हिला माहीत होतं. एका शब्दाने हिने त्याला सोडवलं असतं. आणि रागाच्या पाठोपाठ लगेच दुसरं काहीतरी आलं, त्याला नाव नव्हतं. सत्तरी उलटलेली ही बाई, जिने आयुष्यात घरच्या एका वस्तूबद्दल खोटं सांगितलं नाही, तिने ही एक गोष्ट पोटात का ठेवली असेल? चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा तो, पण आईने नको म्हटलं की हात अजून थांबायचा. हात थांबलाही. कॅसेट दोन बोटांत धरलेली. खालून पुन्हा हॅलो, चेक. त्याने कॅसेट आत सरकवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

आधी रेघा आल्या. मग एक रेघ वर सरकत गेली, तिच्याखाली रंग दिसला, आणि एकदम चित्र उघडलं. नूतन पाटावर बसलेली. बावीस वर्षांची, केस मोकळे, गालावर हळद, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती, कारण मावशी काहीतरी चावट बोलत असणार. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या कानातली काडी दिसत होती, डूल काढून घातलेली. कमलेशला रडूच यायला लागलं. मी काढलेलं, तो मनात म्हणाला, हे मी काढलं होतं, आणि नीट काढलं होतं. मग त्याचा आपलाच आवाज आला, पोरसवदा, "आलो काका," आणि पावलं लांब गेली. बेंजो, बायकांची गाणी. चित्र स्थिर. आणि मग अगदी जवळून, चित्रातल्या कुठल्याही माणसापेक्षा जवळून, कुणाचा तरी श्वास. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलेलं माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही, ऐकू येतं.

"बाय गो माजी," तो आवाज म्हणाला. कुजबुजत. "दिसते कशी." मग काचेवर बोट घासल्याचा बारीक किरकिर आवाज. "ह्यो कपाल. ह्यो गाल. ह्यो दुसरा गाल. खांदं." पुन्हा किरकिर. "हात... हात बी." पाच सवाशिणी समोर नूतनला हळद लावत होत्या, आणि इकडे मागे कुणीतरी त्यांच्याबरोबर, त्यांच्या मागोमाग लावत होतं, बोटभर पडद्यावरच्या तिच्या बोटभर लेकीला. कमलेशने आईकडे बघितलं नाही. बघण्याची छाती झाली नाही त्याची.

"पाय नाय दिसत," कॅमेऱ्यातला आवाज म्हणाला. काळजीचा. "पाय कुठं हायत? पाय र्‍हायलं ना." मग खटखट. ती बटणं दाबत होती. चित्र खाली यावं, पाय दिसावेत म्हणून हाताला लागेल ती कळ चाचपत होती. बाहेर दारात पैंजण वाजले. नूतन येत होती. कमलेशचा अंगठा बंदच्या बटणावर गेला. एवढं त्याला लख्ख कळत होतं: हे नूतनने ऐकलं तर आईने आज सकाळी जे सगळ्यांदेखत सांगितलं ते खोटं ठरेल. आणि आणखी एक होऊ शकत होतं. नूतन म्हणेल, विधवेची हळद लागली होती मला, म्हणून माझा जयदेव गेला. चार वर्षं ती कारण शोधत होती. दवाखान्यांना, उपासांना, स्वतःच्या स्वयंपाकातल्या तेलाला दोष देऊन झाला होता तिचा. तिला हे कारण हातात द्यायचं? अंगठा बटणावर होता. पडद्यावर नूतन हसू दाबत होती. त्याने अंगठा उचलला.

नूतन दारात उभी राहिली. तिच्या हातात हळदीचा वाडगा होता, पदराने धरलेला, बोट लागू नये म्हणून. "भाविकेच्या दारात ठेवलेला, कोनाचा तरी पाय लागंल," ती म्हणत होती, आणि मध्येच थांबली. "पाय दाखव ना रं," कॅमेऱ्यातला आवाज कॅमेऱ्याला विनवत होता. मग काहीतरी घरघरलं, झाकण उघडल्याचा आवाज आला, "अग बाय, ह्या काय जाला," आणि चित्र तुटलं. त्यापुढे रेघा होत्या, माखलेल्या हेडाने टिपलेल्या. त्या कायमच्या होत्या. त्या पुसून जाणाऱ्या नव्हत्या.

नूतनने वाडगा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पट्ट्यांच्या शेजारी, आणि पट्ट्यांकडे बघितलं, मग आईकडे.

"मी त्याचा दार लोटला आनि पलाले," आई म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "बोट आत गेलता माजा. बोटाला हलद व्हती. पदरानी पडदा पुसला, पन आतला काय कललाच नाय. दुसऱ्या दिवशी रेघा आल्या, तवा मना कलला. ह्याला सगली हसत व्हती. मी काय बोलू? बोलले असते तर इचारला असता, रांडेचा हात पोरीच्या हलदीत कशाला?" ती थांबली. मग आवाज फुटला तिचा. "एक तर लावाची नव्हती. आनि लावली तर पुरी लावाची व्हती. पाय र्‍हायलं. अर्धी हलद लावली मी तुना, नूतन. म्हनून तुजा संसार अर्ध्यात गेला. आता तू तिला हात नको लावूस. तिचा तरी पुरा होऊ दे."

म्हणजे हे होतं. सकाळपासून जे त्यांना हट्ट वाटत होतं, रीत वाटत होती, ती भीती होती. चार वर्षं ही बाई जावयाचा हार घातलेला फोटो भिंतीवर बघत बसली होती आणि मनात म्हणत होती, माझ्यामुळे. कमलेशचा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेला म्हणून त्याला पोरकं वाटलं. त्याने नूतनच्या तोंडाकडे बघितलं. आता ती काय बोलेल त्यावर सगळं होतं. भाविकाची संध्याकाळ, आईची उरलेली वर्षं, सगळं.

नूतन आईच्या पुढ्यात जमिनीवर बसली. "आये," ती म्हणाली, "वाईट व्हता का गो माजा संसार?"

आईने डोळे उघडले.

"सांग ना. तू बघितलायस. वाईट व्हता?"

"नाय गो."

"तो मना कदी टाकून बोलला?"

"कदी नाय. सोन्यासारका मानूस."

"अर्ध्या हलदीचा एवढा," नूतन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ओठ मात्र पडद्यावरच्यासारखे घट्ट मिटलेले, हसू दाबताना मिटतात तसे. मग तिने साडीचे काठ घोट्यांपर्यंत वर ओढले आणि दोन्ही पावलं आईच्या समोर ठेवली. टाचांना भेगा पडलेली, जोडवी काढलेल्या बोटांवर अजून पांढरा वळ असलेली. तिने कट्ट्यावरचा वाडगा उतरवला, या वेळी पदराने नाही, हातानेच, आणि आईच्या मांडीवर ठेवला. "घे. र्‍हायलेत ना पाय? लाव."

"तुना कशी लावू आता?" आई म्हणाली. "रीत नाय. आनि भाविकेला?"

"भाविकेला मी लावनार. पायापासून सुरू करनार. पन पयली माजी पुरी होऊ दे."

आई वाडग्याकडे बघत राहिली. बाहेर सुषमा भाविकाच्या दारावर थाप मारून काहीतरी सांगत होती, खाली डीजेवाल्याने एक गाणं लावलं आणि लगेच बंद केलं. आईने काठी पलंगाला टेकवून ठेवली. उजव्या हाताचं पहिलं बोट वाडग्यात बुडवलं, आणि ते तसंच हवेत धरून ती कमलेशकडे वळली. कॅमेरा अजून त्याच्या हातात उघडाच होता, पडद्यावर रेघा धावत होत्या.

"पयला त्यो बंद कर," ती म्हणाली.

कमलेशने कॅमेरा बंद केला आणि पडदा मिटून ठेवला.